सरहद्दीपलीकडे

आमच्या जाफराबादेत ‘नर्सिंग होम’ म्हटले की लोकांना पेढे आठवतात. तालुक्याच्या गावी ह्या शब्दाला बाळंतिणीचा दवाखाना एवढाच अर्थ आहे. दुसरा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. त्यामुळे गेल्या वर्षी आषाढातल्या एका सकाळी, बसस्टँडसमोर चहा घेता घेता, “एखादं चांगलं नर्सिंग होम पाहतो आहे,” असे मी बोलून गेलो, तेव्हा शेजारच्या बाकावरचे माझे जुने स्नेही मिशीत हसले नि म्हणाले, “वा सर! सूनबाईंना कितवा महिना?”

“सूनबाईंना नव्हे,” मी म्हणालो, “आत्यासाठी पाहतो आहे.”

त्यांच्या ओठाशी गेलेला कप खाली आला. क्षणभर ते माझ्याकडे नुसतेच पाहत राहिले. मग दुकानदाराला म्हणाले, “सरांचेही पैसे माझ्याकडूनच घे,” आणि उठून गेले. एखाद्याच्या घरी काही वाईट घडले म्हणजे चहाचे पैसे आपण देऊन टाकतो, त्यातलाच तो प्रकार होता.

खरे सांगायचे तर ‘वृद्धाश्रम’ हा शब्द माझ्या तोंडून निघत नव्हता. म्हणून मी इंग्रजी शब्दाचा आडोसा घेतला होता. तो आडोसाही बाळंतपणाचा निघाला!

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी. तेराव्या वर्षी तिचे लग्न झाले, अठराव्या वर्षी कपाळ पांढरे झाले, आणि सासरच्या मंडळींनी तिला एका लुगड्यानिशी माहेरच्या ओसरीवर आणून सोडले. पुढे तीन वर्षांनी माझी आई गेली. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. आईचा चेहरा मला आठवत नाही. लोक ‘आईची आठवण’ म्हणून जे काही सांगतात ते सगळे माझ्यापुरते आत्याचे आहे: लुगड्याला येणारा चुलीच्या धुराचा वास, भाकरी थापताना बांगड्यांवाचून होणारा तो नुसता तळव्यांचा आवाज, आणि ताप आला की कपाळावर येणारा तिचा खरखरीत हात.

बहात्तरच्या दुष्काळात मी औरंगाबादेला कॉलेजात होतो. त्या उन्हाळ्यात आत्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. मजुरीतून वाचवून ती मला मनिऑर्डर करी. आणि दुष्काळी कामावर वाटली जाणारी सुकडी स्वतः न खाता फडक्यात बांधून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडी. मी ती सुकडी वसतिगृहातल्या मित्रांपासून लपवून खात असे. भूक तर होतीच, पण लाजही होती. माणसाला कशाकशाची लाज वाटते, आणि कशाची वाटायला हवी होती, हे कळेपर्यंत उमर निघून जाते.

त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे १९७३ साली, आजोबांच्या पश्चात जमिनीची नावे लागली. १९५६ च्या वारसा कायद्याने आत्याचाही हिस्सा निघत होता. तीन एकर, विहिरीला लागून. तलाठ्याने वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, वडिलांनी आत्याला विचारले, आणि आत्याने हक्कसोडपत्रावर अंगठा उठवला. मी तिथे उभा होतो. अंगठ्याची शाई पदराला पुसत ती म्हणाली, “मला काहून लागती जमीन? मह्या तोंडात पाणी घालायला हा आहे ना.” आणि तिने माझ्याकडे पाहिले.

आता आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावाचून पुढचे काही समजणार नाही. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावरचे हे आमचे गाव. औरंगजेबाच्या काळात जाफरखानाने वसविले, म्हणून जाफराबाद. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या मुलखात होतो. आणि इथून काही कोसांवर वऱ्हाडची हद्द लागे. तिकडे आधी इंग्रजी अंमल, मग स्वतंत्र हिंदुस्थान, इकडे निजाम. मध्ये करोडगिरीचे नाके. इकडचा रुपया ‘हाली’, तिकडचा ‘कलदार’. सात हालींना साधारण सहा कलदार पडत. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांची धास्ती वाढली तेव्हा पुष्कळ घरांनी बायकामुले सरहद्दीपलीकडे बुलढाणा जिल्ह्यात काढून दिली. आत्या तेव्हा अकरा वर्षांची. एका रात्री बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांखाली घालून तिला आजीबरोबर चिखलीकडे नेण्यात आले. वडील मागे राहिले, शेत आणि घर राखायला. गाय शेजारच्या तांबोळ्याने सांभाळली.

श्रावणात वडील चोरून बहिणीला भेटायला गेले आणि निघताना त्यांनी तिच्या हातावर एक रुपया ठेवला. ती बापडी आनंदाने काचेच्या बांगड्या घ्यायला बाजारात गेली, तर कासाराने रुपया उलटून पाहिला आणि परत केला. हाली होता! ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तो कासार मला माझ्या लग्नाच्या भटजींपेक्षा अधिक स्पष्ट दिसतो. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली, सतरा तारखेला निजाम शरण आला, आणि दसऱ्याच्या आत वडील गाडी घेऊन दोघींना न्यायला गेले.

आत्याला विसर पडू लागला त्याला पाच-सहा वर्षे झाली. प्रथम भाजीत मीठ दोनदा पडू लागले. मग दूध उतू गेले तरी ती शेगडीसमोर उभी. मग ती मला ‘दादा’ म्हणू लागली. मी वडिलांच्या तोंडवळ्याचा आहे, त्यामुळे आम्ही ते हसण्यावारी नेले. एके दिवशी तिने विचारले, “दादा, गेले का रे रझाकार?”

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकविला. ह्याच खेळणेच्या काठी असईला १८०३ साली शिंदे-भोसल्यांची इंग्रजांशी लढाई झाली, ती मी तीस वर्षे फळ्यावर नकाशा काढून लढलो. चुकलेली सनावळी दिसली की माझा हात आपोआप खोडरबराकडे जातो. मी म्हणालो, “आत्या, रझाकार जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आणि मी दादा नाही. दादा १९९१ साली वारले.”

तिने माझ्याकडे पाहिले आणि हंबरडा फोडला. भाऊ गेल्याची बातमी तिला त्या क्षणी प्रथमच कळत होती. तासाभराने ती ते विसरली. संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न. माझे पुन्हा तेच उत्तर. पुन्हा तोच हंबरडा. असे मी तिच्या भावाला तिच्यासमोर किती वेळा मारले असेल, कुणास ठाऊक! शेवटी सौभाग्यवतीच मला एका बाजूला घेऊन म्हणाली, “अहो, परीक्षा घेता का तिची? नापास झाली म्हणा आणि सोडून द्या.” तेव्हापासून मी ‘गेले, गेले’ एवढेच म्हणू लागलो.

डॉक्टरांनी ह्याला ‘डिमेन्शिया’ हे नाव सांगितले. नाव कळले म्हणजे आजार निम्मा आटोक्यात आला असे आपल्याला उगीच वाटते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या शंभर माणसांत सात-साडेसात जणांना हा विकार आहे. देशात सुमारे ८८ लाख माणसे. आणि बायकांत अधिक, खेड्यांत अधिक. ‘आमच्या गावात असलं काही नव्हतं बुवा,’ असे म्हणणारे भेटतात. होते. आपण त्याला ‘म्हातारचळ’ म्हणत होतो, आणि त्या माणसाला मागच्या खोलीत ठेवीत होतो.

दोन वर्षांमागे कार्तिकात ती पहाटे घराबाहेर पडली आणि उजाडता उजाडता नदीच्या वाळूत सापडली. त्या दिवसापासून मी रात्री दाराला आतून कुलूप घालू लागलो. ती दाराशी बसून कडी वाजवीत राही आणि म्हणे, “उघडा हो, मला दादाकडे जायचंय.” दादा म्हणजे मीच, दाराच्या अलीकडे, कुशीवर वळून पडलेला. पुढच्या श्रावणात ती न्हाणीत पडली नि खुब्याचे हाड मोडले. जालन्याला शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, पण चालणे गेले. मुलाने पुण्याहून सांगितले, “बाबा, आजीला इकडे आणा.” सातव्या मजल्यावर, दोघेही नवराबायको दिवसभर कामावर. त्याने म्हटले हे बरे केले. त्याहून अधिक त्याच्याकडे मागणे बरे नव्हते.

मग बाया ठेवल्या. पहिली पंधरा दिवसांत गेली. दुसरी फार मायाळू होती. आत्याच्या केसांना तेल लावताना ओव्या म्हणत असे. पण दसरा झाला आणि ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला निघून गेली. मराठवाड्यात मायेलाही हंगाम असतो. तिसरी मिळालीच नाही. राहिलो आम्ही दोघे: मी सत्तरीचा, हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेला, आणि सौभाग्यवती, जिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. आम्ही दोघे मिळून आत्याला कुशीवर वळवीत असू, आणि वळवून झाल्यावर तिघेही धापा टाकीत असू.

वैशाखात एका सकाळी तिला पुसताना सौभाग्यवतीने मला हाक मारली. कमरेच्या खाली, माकडहाडावर, जुन्या रुपयाएवढी जखम होती. कडा काळ्या पडलेल्या. डॉक्टर म्हणाले, एका कुशीवर पडून पडून होते हे. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी होती, रात्रीसुद्धा. मी म्हणालो, “आम्ही बदलत होतो.” ते गप्प राहिले. त्यांनी मान खाली घालून मलमपट्टी लिहून दिली. मला त्या रात्रीची, त्याआधीच्या रात्रीची, त्याच्याही आधीची आठवण झाली. मी गजर लावीत असे. गजर बंद करून झोपतही असे.

वृद्धाश्रमाचा विचार मी प्रथम त्या रुपयाएवढ्या जखमेपाशी केला.

आपल्याकडे ह्या विषयात एक गंमत आहे. म्हाताऱ्या माणसाला आश्रमात ‘ठेवले’ असे फक्त ठेवणारा म्हणतो. बाकीचा गाव ‘टाकले’ म्हणतो. कुसुमाग्रजांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले, आणि तेव्हापासून मराठी माणसाने ह्या खटल्याचा निकाल लावून टाकला आहे. म्हातारा राजा, मुले चांडाळ. मीही ते नाटक पाहून ढसढसा रडलो होतो. परंतु ज्याचे स्वतःचेच दात पडले आहेत अशा भाच्याची भूमिका त्या नाटकात नाही. ‘हे पाश्चात्त्य खूळ’ असेही काहीजण म्हणतात. पुण्यात डेव्हिड ससूनच्या देणगीतून अनाथ-पंगूंसाठी घर निघाले ते १८६३ साली. आज त्याला ‘निवारा’ म्हणतात. दीडशे वर्षांहून जुन्या गोष्टीला खूळ म्हणायचे तर आपली रेल्वेही खूळच! बाकी भाकड गाईंसाठी पांजरपोळ काढताना ते कुणाला पाश्चात्त्य वाटले नाही.

पण हे सगळे युक्तिवाद दिवसा सुचत. रात्री मला तो शाईचा अंगठा दिसे. मी कायद्याचे पुस्तक आणून वाचले. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला, महाराष्ट्रात तो २००९ पासून लागू आहे. त्यात मुलांबरोबर नातेवाईकही बांधलेले आहेत: निपुत्रिक वृद्धाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे, किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, त्याने त्याला सांभाळले पाहिजे, नाही सांभाळले तर उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणात दाद मागता येते. उघड्यावर टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, अट मोडली तर परतही घेता येते. पण ती सोय कायदा आल्यानंतरच्या कागदांना. आत्याचा कागद १९७३ चा, आणि त्यात अट काही लिहिलेली नव्हती. अट ती तोंडी बोलली होती, आणि तिचा साक्षीदार मीच. त्या तीन एकरांत हल्ली शेडनेट उभारून मिरचीच्या बियाण्याचे प्लॉट घेतात. मी ती जमीन ठोक्याने दिलेली आहे. त्या रात्री मी ठरविले की ठोक्याचा एकही पैसा ह्यापुढे घरात वापरायचा नाही; तो आत्याचा. तो पुरत नाही, ही गोष्ट वेगळी. उरलेले पेन्शनमधून.

मग मी पाहायला निघालो. निघण्यापूर्वी आमच्या डॉक्टरांनी मला एक सल्ला दिला, तो कुणाच्या उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. ते म्हणाले, “सर, माहितीपत्रक वाचू नका. बाग पाहू नका. न कळवता जा, जेवणाच्या वेळेला किंवा दिवेलागणीला. आणि खाटेवरच्या माणसांची नखं पाहा.”

छत्रपती संभाजीनगरातल्या एका संस्थेत फार सौजन्याने वागवले. नीटनेटक्या खोल्या, वाचनालय, सकाळी भजन. १९९५ साली सरकारने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना काढली तेव्हापासून अशा सोयी जिल्ह्याजिल्ह्यांत झाल्या आहेत, आणि त्या वाईट नाहीत. चिटणीसांनी एकच प्रश्न विचारला: “आजी स्वतःचं स्वतः करतात का?” मी नाही म्हणालो. त्यांनी खेदाने वही मिटली. त्यांचेही बरोबर होते. वृद्धाश्रम हे वृद्धांसाठी असतात, आजाऱ्यांसाठी नव्हे. आणि हा फरक आपल्याला दारात उभे राहीपर्यंत माहीत नसतो.

मुलाने पुण्यातले एक ठिकाण शोधून ठेवले होते, खास विसर पडलेल्यांसाठी. ते उत्तम होते. दारांना उघडता न येणाऱ्या कड्या, भिंतींना धरायला दांडे, दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद करायला प्रत्येक खाटेला तक्ता. पैशांचा आकडा ऐकून मी क्षणभर खुर्चीचे हात धरले, पण मुलगा म्हणाला, “बाबा, ते मी पाहीन.” मी जवळजवळ होकार दिला होता. निघताना एका खाटेवरच्या आजी माझ्याकडे हात करून कानडीत काहीतरी मागू लागल्या. जवळची मुलगी कुठल्या लांबच्या राज्यातून आलेली, गोड स्वभावाची. ती हिंदीत “हां दादी, हां दादी” म्हणत त्यांचा हात थोपटीत होती. आजी पुन्हा तेच म्हणत होत्या. पाणी मागत असतील. मुलगा मागत असतील. मला आत्याचे ‘काहून’ आणि ‘मपलं’ आठवले. तिच्याजवळ उरले होते ते एवढे पन्नास-साठ शब्द. तेही कुणाला न कळतील अशा ठिकाणी तिला न्यायचे?

तिसऱ्या ठिकाणाविषयी थोडक्यात लिहितो. हमरस्त्यावर, मोठी पाटी. मी दुपारी एकला गेलो. फरशी नुकतीच फिनेलने पुसली होती, आणि फिनेलच्या खालून दुसरा वास येत होता. कोपऱ्यातल्या खाटेवर एका बाईंचा हात जुन्या साडीच्या पट्टीने दांडीला बांधलेला होता. “पडू नये म्हणून,” व्यवस्थापक म्हणाले. नखे मी पाहिली. मी तिथून फार ताठ मानेने बाहेर पडलो, आणि परतीच्या एस. टी. त, भोकरदन मागे पडल्यावर, मला आमच्या दाराचे कुलूप आठवले.

चौथे ठिकाण सरहद्दीपलीकडे निघाले. आता तिथे सरहद्द नाही; जालना जिल्हा संपतो नि बुलढाणा सुरू होतो, एवढेच. चिखलीच्या अलीकडे एका निवृत्त परिचारिकेने आपल्या जुन्या घरात बारा खाटा घातल्या होत्या. सगळे तिला ‘सिस्टर’ म्हणतात. मी दिवेलागणीला गेलो. ओसरीवर पत्रे, अंगणात लिंबाचे झाड, आणि त्याखाली एक मुलगी एका आजींना वरणात कुस्करलेली भाकरी भरवीत होती. घास देई नि थांबे. गिळून होईपर्यंत दुसरा घास उचलीत नसे. मी बराच वेळ उभा राहून तेवढेच पाहिले. आमच्या घरी मी घड्याळाकडे पाहत भरवीत असे.

नखे कापलेली होती.

सिस्टरने आधार कार्ड, अनामत रक्कम, सगळे मागितले. पण ते शेवटी. आधी तिने विचारले, “त्यांना काय म्हणून हाक मारायची? जेवताना उजव्या अंगाला बसायचं की डाव्या? कशाला भितात? रात्री उठल्या तर कुणाला बोलावतात?” आतापर्यंतच्या ठिकाणी हे कुणी विचारले नव्हते, आणि काही प्रश्नांची उत्तरे मलाही ठाऊक नव्हती. मी रझाकारांची हकीकत सांगितली. तिने ती वहीत लिहून घेतली. मग म्हणाली, “सर, दोन गोष्टी आत्ताच सांगते. रात्री इथं डॉक्टर नसतो. गाडी आहे, दवाखाना वीस मिनिटांवर. आणि इथं आल्यानं त्या बऱ्या होणार नाहीत. जखम भरेल. तीन महिने लागतील.” पत्र्यांमुळे उन्हाळ्यात तापत असणार हे मी मनात टिपून ठेवले. कुठेही गेलो तरी काहीतरी टिपायचे राहणारच होते.

भाद्रपदात एक खाट रिकामी झाली. रिकामी कशी झाली ते मी विचारले नाही. नेमका पितृपक्ष लागलेला. सौभाग्यवती म्हणाली, “पंधरवडा तरी जाऊ द्या.” पण खाट कुणी आमच्यासाठी अडवून ठेवणार नव्हते. तिने आत्याची पेटी भरली: चार लुगडी, एक दुलई, तुळशीची माळ, आणि वडिलांचा फोटो. फोटो मी काढून ठेवला, ती रडेल म्हणून. तिने तो पुन्हा पेटीत घातला.

भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर मी आत्याला धरून बसलो. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या. कुणी बोलले नाही. गावकुसाची पडकी दगडी भिंत मागे पडली, पूल ओलांडला, आणि आत्या एकाएकी माझ्या कुशीत शिरली. अंग चोरून, मान खाली घालून. कुजबुजत म्हणाली, “दादा, कडबा नीट टाक रे अंगावर.”

मी दुलई तिच्या डोक्यावरून घेतली. जिल्ह्याची पाटी गेली तेव्हा मी तिला म्हणालो, “नाका गेला आत्या. आता भ्यायचं नाही.” ती दुलईतून बाहेर आली आणि खिडकीतून सोयाबीनची पिवळी पडलेली शेते पाहू लागली. इतिहासाच्या मास्तराने जन्मात प्रथमच सन चुकीचा सांगितला होता.

पहिले पंधरा दिवस सिस्टरने मला येऊ नका म्हणून सांगितले होते. मी दहाव्या दिवशी गेलो. आत्याने मला ओळखले नाही, बरोबरीच्या आजीला सांगत होती, “आम्ही जाफराबादचे. चार दिवसांसाठी आलोय. तिकडचं निवळलं की मपला दादा न्यायला येणार आहे.” ती आजीही कुठल्याशा गावाहून चार दिवसांसाठीच आलेली होती. दोघींचे चांगले जमले होते. मी बाहेर लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. सिस्टर आली, आणि जखम कशी भरत आली आहे ते सांगत राहिली. माझ्या तोंडाकडे न पाहता सांगत राहिली, हे तिचे उपकार.

गावात मला अजूनही कुणीकुणी विचारतात, “काय सर, आत्या काय म्हणते?” त्या ‘काय म्हणते’त पुष्कळ काही असते. मी ‘बरी आहे’ म्हणतो. दर रविवारी जातो. एक रविवार चुकला होता, पावसामुळे. म्हणजे पाऊस होता, पण एस. टी. चालू होती.

गेल्या दिवाळीत तिला दोन दिवस घरी आणावे असे माझ्या मनात होते. सिस्टर म्हणाली, “आणून पुन्हा परत न्याल तेव्हा काय सांगाल?” ह्यावर मला उत्तर नव्हते. म्हणून भाऊबिजेला आम्हीच गेलो. सौभाग्यवती, मुलगा, सून आणि नात. डब्यात करंज्या आणि अनरसे. जखम भरली होती. त्या जागी नवी, गुलाबी, मेणासारखी कातडी आली होती; सिस्टरने सौभाग्यवतीला आत नेऊन ती दाखवली. आत्याला खुर्चीत बसवून अंगणात आणले होते, नवे लुगडे नेसवून. तिने मला पाहिले आणि तिचा चेहरा उजळला.

“काहून इतका उशीर केलास दादा?”

“रस्ता खराब होता,” मी म्हणालो.

सुनेने तबक तयार केले. कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन. आत्याचा हात कापत होता म्हणून नातीने खालून धरला होता. विधवा म्हणून उभ्या जन्मात तिने कुंकवाच्या करंड्याला बोट लावले नव्हते. वडिलांनाही ती लांबूनच ओवाळी, गंध सौभाग्यवती लावी. त्या दिवशी ती ते विसरली होती. ती अकरा वर्षांची होती. तिने बोट करंड्यात बुडवले आणि माझ्या कपाळाला टेकवले. थोडे नाकावर सांडले. निरांजन दोनदा फिरले, तिसऱ्यांदा अर्ध्यावर थांबले.

मी खिशात हात घातला. ओवाळणीसाठी कोरी पाचशेची नोट आणली होती. ती तबकात ठेवणार, तोच तिने माझे मनगट धरले आणि इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाली,

“हाली नको देऊ रे. इथं चालत नाही.”

“कलदार आहे आत्या,” मी म्हणालो. “पाहा तू.”

तिने नोट घेतली, उजेडाकडे धरली, उलटून पाहिली, आणि कनवटीला लावली.